दुसरा डोळा

पनवेल, वडाळे तलावाजवळचं घर, रविवारची दुपार. भाची तेवीस वर्षांची. वाशीच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागून तिला तीन आठवडे झालेत. मामा एकसष्ट वर्षांचा, नोकरीतून निवृत्त. चाळीस वर्षं हौशी नाटकांची रंगभूषा केलेला आणि घरात दोनदा-तीनदा बक्षिसाच्या ढाली आणलेला. टेबलावर आरसा, कापूस, खोबरेल तेलाची बाटली आणि भाचीचं नवंकोरं सामान. तिच्या उजव्या डोळ्यावर आयलायनर आहे. डाव्या डोळ्यावरही होतं, ते आता गालावर आलंय.

भाची : पाच वेळा पुसलं. उजवा डोळा जमतो, डावा बिघडतो. म्हणून उजवा जरा जाड करते, तर तो जास्तच जाड होतो. मग डाव्याला पुन्हा भर. दोन मांजरांना माकडानं लोणी वाटून दिलं, तसं चाललंय. पारडी सारखी होईपर्यंत पापणीच संपते.

मामा : गोष्टीतल्या माकडाला लोणी खायचं होतं. तुला काय हवंय?

भाची : सकाळी सातच्या आतली लोकल.

मामा : मग नीट ऐक. उजव्या हातानं डावा डोळा काढायचा म्हणजे हात नाक ओलांडून जातो आणि मनगट वाकडं होतं. आरसा असा समोर उभा धरू नकोस. टेबलावर आडवा ठेव, हनुवटी वर कर आणि नजर खाली टाक. पापणी न ताणता आपोआप सपाट होते. कोपर टेबलावर, करंगळी गालावर टेकलेली. एका दमात रेघ ओढायची नाही. पापण्यांच्या मुळाशी तुटक तुटक ठिपके द्यायचे आणि मग ते जोडायचे.

भाची : हे सगळं व्हिडिओतली बाईही सांगते. तिचं सहा मिनिटांत होतं, माझं पाऊण तासात होत नाही. तिची पापणी बघ, अंगणासारखी मोकळी. माझी पापणी डोळा उघडला की आत दुमडते. मिटल्या डोळ्यावर काढलेली सुंदर रेघ उघडल्यावर गडप होते, आणि वर तिचा छाप उमटतो तो वेगळाच.

मामा : तर मग तुझी रेघ मिटल्या डोळ्यावर काढायचीच नाही. सरळ समोर बघायचं, डोळा उघडा ठेवून शेपटीचं टोक एका ठिपक्यानं ठरवायचं आणि मग मुळाकडून तिथपर्यंत यायचं. समोर जो चेहरा आहे त्याचं काम करायचं. एकाच भूमिकेसाठी ऐनवेळी दुसरा नट उभा राहिला की आमची आधीची सगळी मापं फुकट जायची.

भाची : कळतं रे. हात ऐकत नाही.

मामा : तीन आठवड्यांत कसा ऐकेल? तुझ्या आईची पहिली पोळी मी खाल्लीये. श्रीलंका होती. आज ती न बघता लाटते. हातकाम आहे हे. चुकायचं, पुन्हा करायचं. त्यात रडण्यासारखं काय आहे, हेच मला कळत नाही.

भाची : बिघडलेली पोळी ताटाखाली लपवता येते. कपाळावर चिकटवून गाडीत बसावं लागत नाही.

मामा : गाडीत कोण बघतंय तुझ्याकडे?

भाची : सगळ्या. गाडी पनवेलहून सुटते म्हणून मला बसायला मिळतं. समोर एक ताई असते, बहुतेक बँकेतली. गाडी हलते तोवर ती नुसती बसून राहते. खांदेश्वरला गाडी थांबली की एक डोळा, मानसरोवरला दुसरा. खारघर यायच्या आत लिपस्टिक लावून डबी बंद. स्टेशनात गाडी थांबते ती किती, अर्धा मिनिट? तेवढ्यात तिची रेघ सुरीनं कापल्यासारखी येते. मग ती माझ्याकडे बघते. काही बोलत नाही. परवा मात्र तिनं पर्समधून ओला रुमाल काढून पुढे केला. तेव्हा कळलं की मी घरून काय घेऊन निघाले होते.

मामा : चांगली बाई आहे.

भाची : चांगलीच आहे. म्हणून तर जास्त लागलं.

मामा : बरं, डोळे राहू देत. हा चेहऱ्याचा रंग कुठून आणलास? हा तुझा नव्हे.

भाची : दुकानातल्या मुलीनं मनगटावर लावून दाखवला. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली अगदी मिसळला. घरी आले तर चेहरा एका गावचा आणि मान दुसऱ्या गावची. आई म्हणाली, गिरणीवर गेली होतीस का? आणि दुपारपर्यंत तोच रंग काळपट पडतो.

मामा : मनगटाचा रंग आणि चेहऱ्याचा रंग एक नसतो. जवळजवळच्या तीन छटांचे तीन पट्टे जबड्याच्या कडेला ओढायचे आणि दुकानाबाहेर सूर्याच्या उजेडात यायचं. लगेच ठरवायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. काही फाउंडेशन त्वचेच्या तेलात मिसळली आणि हवा लागली की गडद होतात. इतक्या वेळानंतर जो पट्टा दिसेनासा झाला, तो तुझा.

भाची : म्हणजे भर बाजारात गालावर तीन पट्टे ओढून मी पंधरा मिनिटं उभी राहू?

मामा : का नाही?

भाची : काही नाही. पुढे बोल.

मामा : पुढे काय, सगळ्यांत मोठी चूक म्हणजे थरावर थर. सनस्क्रीन, त्यावर ते प्रायमर, त्यावर फाउंडेशन, त्यावर पावडर, आणि हे सगळं दहा मिनिटांत. खालचं बसलेलंच नसतं, मग वरचं घासलं की मळासारख्या वळ्या निघतात. सनस्क्रीन लावून आधी चहा पी. मग वाटाण्याएवढं फाउंडेशन घे, ओल्या स्पंजनं थापट, घासू नकोस. जिथे डाग आहे तिथेच लाव, जिथे नाही तिथे लावू नकोस. आपली हवा कोकणची आहे. जून ते सप्टेंबर पिळली तर पाणी निघेल. या हवेत जितकं कमी लावशील तितकं जास्त टिकेल.

भाची : हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मामा : तुझ्या आजीनं सांगितलं असतं. तिची फणेरपेटी आठवते? आत एक मेणाची डबी असायची. कोरडं कुंकू नुसतं कपाळावर टिकत नाही. आधी बोटानं मेण लावायचं, मग त्यावर कुंकू. तुमचं प्रायमर म्हणजे दुसरं काय? टाटा ऑइल मिल्सनं लॅक्मे काढलं 1952 साली. नाव एका फ्रेंच ऑपेरावरून घेतलेलं, आणि त्या ऑपेरातलं नाव आपल्या लक्ष्मीवरून. लक्ष्मी फ्रान्सला जाऊन लॅक्मे होऊन परत आली, तरी आमच्या घरात शिरायला तिला तुझ्या आईच्या लग्नापर्यंत थांबावं लागलं. आजीचं आपलं मेण आणि कुंकू. आरशात न बघता लावायची. बोट उचललं की कपाळावर चंद्र. सगळ्यांना जमतं, बाळा. वेळ द्यावा लागतो.

भाची : आजी कितव्या वर्षापासून लावत होती?

मामा : चार-पाच वर्षांची असल्यापासून असेल.

भाची : म्हणजे तिचं वाकडं कुंकू बघून कुणी हसलं असेल तर कौतुकानं. ती चुकत होती तेव्हा परकर-पोलक्यात होती. मी चुकतेय तेव्हा छातीवर नावाची पट्टी लावून काउंटरमागे उभी आहे. ‘पेशन्स ठेव, सराव कर’ असं सगळे म्हणतात. सरावाला माझी तयारी आहे. सराव कुठे करू, ते कुणी सांगत नाही.

मामा : मोठं भाषण केलंस. इतकं अवघड वाटतंय तर लावू नकोस. साधा चेहरा काय वाईट आहे?

भाची : ग्रूमिंगच्या कागदावर लिहिलंय. चेहरा नैसर्गिक दिसेल असा हलका मेकअप, लिपस्टिक आवश्यक. नैसर्गिक दिसायला रोज पाऊण तास लवकर उठायचं! तुझ्या नाटकात चेहरा फडके नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसावा म्हणून रंगवतात. माझा चेहरा हातभरावरच्या माणसाला रंगवलेला दिसता कामा नये. लावलं नाही तर ‘आजारी आहेस का’, दिसलं तर ‘आज काय विशेष’. मधली जी केसाएवढी वाट आहे, तिच्यावरून चालायचं.

मामा : हे मात्र खरं. तुझं काम आमच्यापेक्षा अवघड आहे. समोरून झगझगीत प्रकाश पडला की नट सपाट होतो, नाक-डोळे पुसले जातात. आम्ही फक्त प्रकाशानं पुसलेलं पुन्हा काढतो. नाकाच्या बाजूंना गडद, मधे उजळ. लांबून बघणाऱ्याचे डोळे उरलेलं काम करतात. आमच्या कितीतरी चुका त्या अंतरानं पोटात घातल्या. आमचा पॅनकेक हा मॅक्स फॅक्टरचा, तोही 1930 च्या दशकाअखेर रंगीत सिनेमासाठी निघालेला. ओल्या स्पंजनं फिरवला की चेहरा भिंतीसारखा एकसारखा. तोच लावून कुणी वाशीला गेलं तर लोक वळून बघतील.

भाची : आणि माझ्या शेजारी जो मुलगा उभा असतो, त्याच्या कागदावर एकच ओळ आहे. दाढी स्वच्छ.

मामा : मग? रोज दाढी करणं हे काय सुख आहे? पहिल्यांदा केली तेव्हा मी चार ठिकाणी कापून घेतलं. वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून कॉलेजात गेलो.

भाची : आणि काय म्हणाले सगळे?

मामा : काय म्हणणार... मोठा झालास म्हणाले.

भाची : बघ. तुझ्या जखमेचं कौतुक झालं. आमच्यावर मात्र सक्ती. व्हर्जिन अटलांटिकनं 2019 मध्ये हवाई सुंदरींवरची मेकअपची सक्ती काढली. तोवर विमानात चहा द्यायलाही लिपस्टिक लागत होती.

मामा : सक्ती वाईट, मान्य. पण त्यामुळे विद्या वाईट होत नाही. गणित सक्तीचं होतं म्हणून तू गणितावर राग धरलास, आणि शेवटी तोटा कुणाचा झाला? अगं, महाराष्ट्रात रंगभूषेचा केवढा मान होता! बालगंधर्व रंगमंचावर आले की पुढच्या रांगांतल्या बायका त्यांचं नेसणं, दागिने, केसांतली फुलं टिपून घ्यायच्या आणि घरी जाऊन तसं करायच्या. विक्रम गायकवाडांनी 2011 च्या ‘बालगंधर्व’मध्ये सुबोध भावेचा चेहरा असा घडवला की जुने लोक डोळे पुसत बाहेर पडले. ही कला आहे. तिला जाच म्हणू नये.

भाची : मामा, आता तू नीट ऐक. बाईनं कसं दिसावं हे दाखवणारा पुरुष. त्याला रंगवणारा पुरुष. गायकवाडही पुरुष, तूही. बायका कुठे होत्या?

मामा : बघायला होत्या.

भाची : रंगवायला का नव्हत्या?

मामा : तेव्हाचा काळच तसा होता.

भाची : कुठला काळ? मुंबईच्या सिनेमात मेकअप आर्टिस्टचं कार्ड संघटनेकडून फक्त पुरुषांना मिळायचं. बायकांनी केशरचना करावी, चेहऱ्याला हात लावायचा नाही. चारू खुराना नावाची मेकअप आर्टिस्ट सुप्रीम कोर्टात गेली. नोव्हेंबर 2014 मध्ये न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि उदय लळीत यांच्या पीठानं तो नियम रद्द केला. 2014, मामा. मी तेव्हा शाळेत होते. ज्या कामाला तू कला म्हणतोस, ते पैसे घेऊन करायला बाईला बंदी होती. आणि तेच काम स्वतःच्या चेहऱ्यावर, फुकट, रोज सकाळी करायची मात्र सक्ती. तेव्हा त्याला कला कुणी म्हणत नाही, ‘नीटनेटकेपणा’ म्हणतात.

(मामा काही बोलत नाही. खोबरेल तेलाच्या बाटलीचं झाकण काढतो, पुन्हा लावतो.)

मामा : हे मला माहीत नव्हतं. म्हणजे, संघटनेत बायका नाहीत हे दिसायचं. त्यांना येऊच देत नाहीत, असं कधी मनात आलं नाही.

भाची : तुला एक विचारू? तू पहिली रंगभूषा कुणाच्या चेहऱ्यावर केलीस?

मामा : ते पक्कं लक्षात आहे. शाळेच्या पटांगणात ऐतिहासिक नाटक होतं. महाराजांचा चेहरा गुरुजी करायचे, मला हात लावू देत नसत. मला मागच्या रांगेतले मावळे दिले होते. सात-आठ जण. त्यांना वाक्यं नव्हती, भाले धरून उभं राहायचं. क्रेपच्या दाढ्या, स्पिरिट गमनं चिकटवायच्या. मे महिना. तिसऱ्या अंकात घामानं डिंक सुटला आणि एका मावळ्याची अर्धी दाढी भाल्याला लटकली.

भाची : मग?

मामा : मग काय, लोक हसून हसून बेजार. महाराजांचं भाषण बुडालं.

भाची : कुणाला हसले?

मामा : त्या मावळ्याला.

भाची : आणि तू कुठे होतास?

मामा : मी विंगेत होतो.

(दोघंही थोडा वेळ गप्प.)

भाची : मला विंग नाही रे.

मामा : हं.

भाची : तू दुसऱ्याच्या चेहऱ्यावर शिकलास. दाढी सुटली ती मावळ्याची. गुरुजी ओरडले असतील तेही अंधारात. तुझं स्वतःचं तोंड स्वच्छ होतं. माझा फळाही मी आणि खडूही माझ्याच हातात. शिवाय वर्ग भरतो तो सकाळी सातच्या गाडीत. हात वळत नाही याचं मला इतकं दुःख नाही. मी भरतकामही शिकले आहे, तिथे टाका उसवून पुन्हा घालताना कधी रडले नाही. इथे उसवायला वेळ नसतो आणि उसवलेलं सगळ्यांना दिसतं. म्हणून रडू येतं.

मामा : गुरुजी म्हणायचे, पहिल्या शंभर दाढ्या मावळ्यांच्या. मला वाटायचं, ते मला हलकं काम देतायत. खरं म्हणजे ते मला लपवत होते.

भाची : मला कोण लपवणार?

मामा : थांब, विचार करू दे. आपण उलटं करू. सकाळी काही शिकायचंच नाही. सकाळी फक्त जे हातात बसलंय तेवढंच. काजळ आणि लिपस्टिक, कागदातली अट पुरी. काजळ ओघळतं तर त्यावर बारीक ब्रशनं किंचित पावडर दाब. आयलायनरला सकाळी हात लावायचा नाही.

भाची : मग शिकायचं कधी?

मामा : रात्री. आल्यावर, तोंड धुवायच्या आधी. चेहरा तसाही पुसायचाच असतो. बिघडला तर बिघडला, पाच मिनिटांनी मोरीत जाणार. दहा मिनिटं, एकच डोळा, तोही डावाच. उजव्याशी तुलना नको, त्या माकडाला घरातच घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डोळा. महिन्याभरानं दोन्ही. आणि ज्या दिवशी दोन्ही जमतील, त्याच्या आठवडाभरानंतर सकाळी लाव.

भाची : रात्री दहाला मी मेलेली असते.

मामा : आम्हीही नोकरी करून रात्रीच तालमी केल्या. तालीम म्हणजे तरी काय? तिकीट काढून कुणी आत यायच्या आधी चुकून घ्यायची सोय. आणि पुसताना रगडू नकोस. वॉटरप्रूफ पाण्याला दाद देत नाही, तेलानं सुटतं. कापसावर तेल घे, मिटल्या डोळ्यावर अर्धा मिनिट नुसतं धरून ठेव, मग खाली ओढ. नंतर तोंड धू, नाहीतर खोबरेलानं पुटकुळ्या येतील.

भाची : हे पटलं. पण कागद अजूनही चुकीचाच आहे. शिकायची जागा मिळाली म्हणून सक्ती बरोबर ठरत नाही.

मामा : आणि सक्ती चुकीची म्हणून रेघ वाकडी राहिलेली मला चालत नाही. हे भांडण चालू राहू दे. फक्त आणखी एक गोष्ट लागेल तुला.

भाची : काय?

मामा : मावळा. (खुर्ची ओढून तिच्यासमोर बसतो, चष्मा काढून टेबलावर ठेवतो.) घे. सुरकुतलेली पापणी आहे, यावर जमलं तर कुठेही जमेल. दुसऱ्याच्या पापणीवर काढलं की हाताला कोन कळतो. करंगळी टेक. टेक गालावर, घाबरू नकोस.

भाची : हलू नकोस मग.

मामा : चाळीस वर्षं मी हेच वाक्य म्हणत आलोय. ऐकायला कसं वाटतं ते आज कळतंय. गार लागतं गं.

भाची : बोलूही नकोस. ठिपके... ठिपके... आता जोडते. वा! अरे, खरंच बरी आली. शेपटी जरा वर गेलीये, पण सरळ आहे.

मामा : दाखव. (आरशात बघतो.) मुळाशी फट राहिली. तिथे भर. पण हात स्थिर आहे, हात चांगला आहे तुझा. मी उगाच सांगत नाही.

(दारावरची बेल वाजते.)

भाची : इस्त्रीचे कपडे आले असतील.

मामा : मी घेतो. (सवयीनं उठतो, दारापर्यंत जातो, कडीला हात घालतो. मग हात तसाच ठेवून मागे वळतो.) अगं, तूच घे ना कपडे.

भाची : का? कोण बघतंय तुझ्याकडे?

मामा : तसं नाही... दुसरा डोळा राहिलाय.

(भाची जागची हलत नाही. मामा एक हात कडीवर आणि दुसरा डोळ्यावर धरून उभा आहे. बेल पुन्हा वाजते.)